शिदबा चिवड्याला वळण लावतो

आमच्या शेजारच्या गावात शिदबा नावाचा एक भोळा माणूस होता. ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. पहिल्या दिवशी ग्रामसेवकानं त्याला सांगितलं, "शिदबा, सकाळी सात वाजता पाणी सोडायचं." शिदबानं बरोबर सातला सोडलं. दुपारपर्यंत गल्लीचा ओढा झाला. ग्रामसेवक धावत आला.

"अरे, बंद का नाही केलंस?"

"बंद करायचं तुम्ही कुठं म्हणालात?"

ग्रामसेवकानं चिखलात रुतलेली चप्पल उपसली आणि घरी गेला.

असा हा शिदबा. त्याची बायको हौसा मात्र शहाणी. दोन शहाणे एका घरात दिले तर बाकीच्या घरांना पुरायचे नाहीत, असं देवाला वाटत असावं.

या दोघांचा एक कुत्रा होता, चिवड्या. अंगावर पिवळे, तांबडे, पांढरे ठिपके, कुणीतरी परातभर चिवडा सांडल्यासारखे. हौसानं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलेला. घरात कोकरू. पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की त्याच्या अंगात यायचं. सायकल दिसली, भुंक. छत्री दिसली, भुंक. टोपीवाला माणूस दिसला, भुंक; त्यानं टोपी काढली, तरी भुंक. एका दिवाळीत पोरांनी त्याच्या शेपटीमागं लवंगी माळ लावली होती, तेव्हापासूनचं हे. पोरं विसरून गेली. चिवड्या काही विसरला नाही.

एके दिवशी सरपंच आबासाहेब नवी कोरी पांढरी विजार घालून गल्लीतून निघाले. ऊन लागलं म्हणून त्यांनी फाडकन छत्री उघडली. चिवड्यानं साखळी तोडली. चावला नाही हं, खोटं कशाला बोलू? अंगाला दात लागला नाही. पण परत आला तेव्हा त्याच्या तोंडात विजारीचा एक अख्खा पाय होता. भर चौकात सरपंचांची गुलाबी पट्ट्यांची चड्डी गावानं बघितली आणि गाव हसलं. विजार गेली याचं आबासाहेबांना काही नव्हतं. गाव हसलं, ते लागलं.

त्यांनी तिथंच हुकूम सोडला. "येत्या रविवारी ग्रामसभा आहे. हे कुत्रं आणायचं. सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढून माणसं जातील. एकाच्या जरी अंगावर गेलं, तर तिथनंच टेंपोत घालायचं आणि डोंगरापलीकडच्या रानात सोडून यायचं."

डोंगरापलीकडच्या रानात बिबट्या होता. आबासाहेबांना ते चांगलं ठाऊक होतं.

हौसानं त्या दिवशी आपलं ताट तसंच चिवड्यापुढं सरकवलं. ती म्हणाली, "अवं, माझ्या चिवड्याला त्यांनी नेलं, तर मी या घरात पाण्याचा थेंब घेणार न्हाई."

शिदबा विचारात पडला. म्हणाला, "मग शेजारी जाऊन पिशील?"

हौसानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "हवालदारकाकांकडं चला. ते सांगतील तसं करायचं. आलं का ध्यानात?"

हे हवालदारकाका म्हणजे पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले गृहस्थ. वीस वर्षं कुत्र्यांबरोबर काढलेली. कुत्र्यानं कान हलवला तरी त्याच्या मनात काय आहे ते सांगायचे. माणसांचं त्यांना तितकंसं कळत नव्हतं, म्हणून तर ते शिदबाला शिकवायला तयार झाले.

सोमवारी तिघं त्यांच्या अंगणात गेले. शिदबा पुढं, हौसा साखळी धरून मागं, आणि तिच्या पायाशी चिवड्या.

काका म्हणाले, "हे बघ शिदबा, कुत्रा भुंकतो तो काही माजानं नव्हे. भ्यालेला असतो बिचारा. मारलंस तर जास्तच बिथरेल. समोरून कुणी येताना दिसलं की काय करायचं? त्यानं भुंकायच्या आत पाठ फिरवायची आणि गुमान उलट चालू लागायचं. जितकं लांब, तितकं डोकं शांत. आलं का ध्यानात?"

"आलं. समोरनं कुणी आलं की पाठ फिरवायची. सोपं हाय."

हौसानं मान हलवली. चिवड्यानं एक कान उभा केला.

मंगळवारी शिदबाची सासू यायची होती. शिदबा एकटाच तीन किलोमीटरवरच्या फाट्यावर तिला आणायला गेला. एसटी थांबली. सासूबाई उतरल्या; डोक्यावर शेंगांचं गाठोडं, काखेत कोंबडी. त्या समोरून येताना दिसल्या मात्र, शिदबानं पाठ फिरवली आणि चालू लागला.

"जावईबापू! अवं जावईबापू!"

शिदबाला वाटलं, अंतर कमी पडतंय. तो पळत सुटला. मागून सासूबाई, गाठोडं आणि कोंबडी. तीन किलोमीटर हा तमाशा चालला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, गड्यानं म्हातारीचं काहीतरी चोरलंय. दोघं त्याच्यामागं धावलेसुद्धा.

घरी पोचल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "हौसे, तुझ्या नवऱ्याला मी इतकी जड झाले का गं?"

शिदबा मात्र खूश. हौसाला म्हणाला, "युक्ती लागू पडली बघ. एवढ्या वाटेत सासूबाई एकदासुद्धा अंगावर आल्या न्हाईत."

हवालदारकाकांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे येड्या, सासूला बघून पळतात का? माणूस आपलं असेल तर थांबायचं. जरा लांबच उभं राहायचं, आणि तोंड उघडायच्या आत आवडीचा तुकडा तोंडात टाकायचा. म्हणजे त्याच्या मनात बसतं, माणूस आला की खाऊ येतो. मग भ्या जातं. चिवड्याला काय आवडतं?"

"सुका बोंबील."

"मग बोंबील खिशात ठेव. तोंड उघडायच्या आत, बरं का. आलं ध्यानात?"

"आलं. तोंड उघडलं की बोंबील. सोपं हाय."

हौसानं त्या संध्याकाळी परसात उभं राहून रस्त्यावरून जाणारी प्रत्येक सायकल चिवड्याला लांबून दाखवली. सायकल दिसली, बोंबील. सायकल दिसली, बोंबील. चौथ्या सायकलीला चिवड्या सायकलीकडे न बघता हौसाच्या मुठीकडे बघायला लागला.

बुधवारी देवळात कीर्तन होतं. बुवा मोठे. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षांत कांद्याला शिवले नव्हते. शिदबा दुसऱ्या रांगेत. बुवांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि पहिला सूर लावायला भलंमोठं तोंड उघडलं.

चिंचा पाडून पाडून शिदबाचा नेम लहानपणापासून पक्का. बोंबील गेला तो थेट आत.

बुवांनी सवयीनं तोंड मिटलं. सवयीनं चावलं. पखवाज थांबला, टाळ थांबले. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं मी सांगत नाही, पखवाजवाला सांगतो. तो शेजारीच बसला होता. तो म्हणतो, बुवांनी तो तुकडा लगेच काही थुंकला नाही.

मग थुंकले, आणि मग जो काही गोंधळ झाला म्हणता! शिदबाला देवळातून खांद्यावर घेऊन बाहेर टाकला. मखमली गादीवर कुणाला ठेवतात तसा नव्हे, पोतं टाकतात तसा.

"कीर्तनकाराच्या तोंडात बोंबील?" काका ओरडले. "अरे ते कीर्तन करत होते, त्यांचं ते कामच आहे! मोठ्यानं कुणी आवाज करत असेल तर त्याच्या नादी लागायचंच नाही. आपण झाडासारखं उभं राहायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. आपण गप्प, तर तो गप्प. आवाज थांबला की पाठीवर थाप द्यायची आणि 'शाब्बास' म्हणायचं. आलं ध्यानात?"

"आलं. ओरडलं की झाड. थांबलं की शाब्बास. सोपं हाय."

गुरुवारी शिदबा टाकीखाली पाणी सोडायच्या चाकापाशी बसला होता. शेजारीच तातोबाची कडब्याची गंजी. कुठून तरी बिडीची ठिणगी पडली आणि गंजीनं पेट घेतला. तातोबा बोंबलत पळत आला. "शिदबा! आग! आग लागली! पाणी सोड रं!"

शिदबा उठला आणि झाड झाला.

"अरे सोड की पाणी! चाक फिरव! माझी गंजी गेली रं!"

झाड हललं नाही. झाडानं आभाळाकडे नजर लावली होती. तातोबानं त्याचा सदरा धरून गदागदा हलवला, शिव्या दिल्या, हात जोडले, पाया पडला. शेवटी ओरडून ओरडून त्याचा घसा बसला आणि नुसती हवा बाहेर यायला लागली. तेव्हा शिदबा खाली वाकला, तातोबाच्या पाठीवर थाप दिली आणि प्रेमानं म्हणाला, "शाब्बास."

गावानं विहिरीच्या बादल्या आणून निम्मी गंजी वाचवली. निम्म्या गंजीची राख घेऊन तातोबा हवालदारकाकांच्या दारात आला आणि काही न बोलता ती त्यांच्या अंगणात ओतून गेला. बोलायला त्याला आवाजच नव्हता.

काकांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. "अरे गाढवा! पुढं धोका दिसत असेल तर उभं राहतात का? झटकन पुढं व्हायचं! अंगावर घोंगडं टाकायचं, समोरचं काही दिसूच द्यायचं नाही, आणि बाजूला न्यायचं. दिसलं नाही की बिथरत नाही. आता तरी आलं का ध्यानात?"

"आलं. पुढं धोका असला की घोंगडं. सोपं हाय."

"तू ते 'सोपं हाय' म्हणू नकोस बाबा," काका म्हणाले. "माझ्या छातीत धडधडतं."

शुक्रवारी गावात लग्न होतं. बँड वाजत होता, नवरदेव घोड्यावर. शिदबा खांद्यावर घोंगडं टाकून वरातीच्या कडेला उभा. त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, पुढं काय हाय?"

म्हातारा तंबाखू मळत होता. म्हणाला, "पुढं? पुढं लगीन हाय. संपलं बिचाऱ्याचं. त्याच्याएवढा धोका दुसरा न्हाई."

एवढं ऐकलं आणि शिदबा धावला. त्यानं घोंगडं टाकलं ते नवरदेवावर आणि घोड्यावर, दोघांवर मिळून एकच. नवरदेवाला खरंच काही दिसेना. तो आतून विचारायला लागला, "लाइट गेली का?" दिसलं नाही की कुत्रा बिथरत नाही, हे हवालदारकाकांचं खरं. घोड्याचं कुणी विचारलंच नव्हतं. घोडा मांडवाच्या मागच्या बाजूनं थेट स्वयंपाकात घुसला आणि वांग्याच्या रश्शात पुढचे दोन पाय घालून उभा राहिला. नवरदेव उडाला तो बुंदीच्या परातीत. लग्न लागलं, पण अक्षतांबरोबर फेट्यातून बुंदी गळत होती. नवरीकडच्या बायका म्हणाल्या, मुलगा गोड आहे.

शनिवारी हवालदारकाका तापानं फणफणले होते. कपाळावर ओली पट्टी. तरी हौसा आली म्हणून उठून बसले. चिवड्याला त्यांनी अंगणातून चालवला. समोरून सायकल नेली, छत्री उघडली, टोपी घालून माणूस नेला. चिवड्यानं प्रत्येक वेळी हौसाकडे बघितलं. काकांचे डोळे भरून आले.

"पोरी, तुझ्या हातानं हा तयार झालाय," ते म्हणाले. "उद्या घाबरू नकोस. पण गर्दी असणार, आणि कुत्रा शेवटी जीव आहे. उगाच कुणाला दात लागायला नको, आणि याच्यावर आळ यायला नको. म्हणून मुसकी जवळ ठेव. मळणीला बैलाच्या तोंडाला बांधतात ना, तशीच, जरा लहान. मी नवीन विणलीय. जबरदस्ती करायची नाही. आत गुळाचा खडा ठेवायचा, म्हणजे आपण होऊन तोंड घालतो. आता हा अंगावर जाणार, असं वाटलं की लगेच बांधायची."

मग ते शिदबाकडे वळले. "आणि तू. तू उद्या फक्त मुसकी धरायची. बाकी काही करायचं नाही."

"अंगावर जाणार असं वाटलं की मुसकी. आत गूळ," शिदबा म्हणाला. काकांकडे बघून पुढचे दोन शब्द त्यानं गिळले.

हौसाला मुसकी स्वतःकडे घ्यायची होती. पण तिच्या एका हातात साखळी असणार आणि दुसऱ्यात बोंबील. तिसरा हात देवानं तिला दिला नव्हता, नवरा दिला होता.

रविवार उजाडला. पंचायतीसमोरच्या पटांगणात सगळं गाव जमलं. खुर्चीवर आबासाहेब, शेजारी वही घेऊन ग्रामसेवक. कडेला टेंपो उभा, इंजिन चालू. हौसा त्या टेंपोकडे पाठ करून उभी राहिली. तिनं चिवड्याच्या पट्ट्याची गाठ तीनदा तपासली. साखळीला जोड म्हणून दुसरी दोरीही बांधली होती, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

पोस्टमन सायकलवरून पुढून गेला. चिवड्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. त्यानं हौसाकडे बघितलं. बोंबील मिळाला. केस खाली बसले.

एक बाई घागर घेऊन गेली. चिवड्या गप्प. टोपीवाले तिघं गेले. गप्प. बँडवाल्यानं ढोलावर टिपरी हाणली. चिवड्या हौसाच्या पायाला चिकटला, पण गप्प.

गाव एकमेकांकडे बघायला लागलं. आबासाहेबांना ते रुचलं नाही. ते स्वतः उठले. एका हातात काठी, एका हातात छत्री. चिवड्याच्या नाकाशी येऊन त्यांनी छत्री उघडली. मिटली. उघडली. मिटली. काठी जमिनीवर आपटली.

चिवड्याचा वरचा ओठ थरथरला. घशातून गुरगुर आली. हौसानं डोळे मिटले. टेंपोवाल्यानं मागचं फळकूट खाली पाडलं.

आणि चिवड्यानं पाठ फिरवली. गुमान उलट चालत हौसाच्या मागं गेला आणि तोंड फिरवून बसला.

गावानं अशा टाळ्या वाजवल्या की देवळावरची कबुतरं उडाली. शिकवणी दोघांना एकच होती. एक जण शिकला.

आबासाहेबांचं तोंड मिरचीसारखं झालं. "नाटकं हायत ही! आज गप्प बसलंय, उद्या चावंल! मला शिकवता व्हय? उचला ते कुत्रं! टाका टेंपोत!"

"आबासाहेब," हौसा रडत म्हणाली, "सगळ्या गावानं बघितलंय की. कुणाच्या अंगावर गेला सांगा ना!"

"तोंड वर करून बोलतीस? थांब तुला दाखवतो!" आणि काठी उगारून आबासाहेब हौसाच्या अंगावर धावले.

शिदबानं बघितलं. केस उभे, दात बाहेर, घशातून गुरगुर. त्याला जराही शंका उरली नाही. त्यानं मुसकीत गुळाचा खडा टाकला, आबासाहेबांच्या समोर गेला, आणि ते पुढची शिवी द्यायला तोंड उघडताहेत एवढ्यात मुसकी नाकापर्यंत चढवली, जबडा मिटेल अशी आवळली आणि मागं गाठ मारली. गाठ बैलाची होती. बैलालाही सुटत नाही.

आबासाहेब दोन्ही हातांनी ओढायला लागले. शिदबा त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाला, "घाबरू नगा. सवय होईल. आधी गूळ खावा."

पटांगणात एकदम शांतता झाली. त्या गावच्या ग्रामसभेत अशी शांतता चार वर्षांत कुणी ऐकली नव्हती. टेंपोवाल्यानं इंजिन बंद केलं. हसायचं की पळायचं, हे कुणाला कळेना.

ग्रामसेवक सरकारी माणूस. त्यानं चष्मा पुसला, वही उघडली आणि वाचलं, "ठराव. चिवड्या नावाच्या कुत्र्यास मालकाकडेच राहू द्यावे. कुणाची हरकत?"

"म्म्म्! म्म्म् म्म्म्!" आबासाहेब म्हणाले.

ग्रामसेवकानं कान पुढं केला. "स्पष्ट सांगा साहेब. असं मोघम मला वहीत लिहिता येत नाही." थोडा वेळ वाट बघितली. मग लिहिलं, "हरकत नाही." गावानं हात वर केले. ठराव मंजूर झाला, शिक्का बसला. हौसानं चिवड्याला कवटाळलं आणि गळा काढून रडली. चिवड्यानं तिचं तोंड चाटलं, आणि तेवढ्यात तिच्या मुठीतला शेवटचा बोंबीलही काढून घेतला.

सभा इथं संपायची. पण मागून एक म्हातारी उठली. "आता मोकळीक हाय तर त्या वळणावरच्या दिव्याचं बी घ्या की. चार वरसं झाली, मी तिथं रोज ठेचकाळतीया."

चार वर्षं दिव्याचं नाव काढलं की आबासाहेब ओरडायचे आणि सभा मोडायची. आता ग्रामसेवकानं विचारलं, "हरकत?" "म्म्म्!" मंजूर. बायकांच्या संडासाचं निघालं. "हरकत?" "म्म्म्!" मंजूर. लोक गुडघ्यांवर पुढं सरकायला लागले. ज्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं त्यांना वाचा फुटली. शेवटी शाळेचे मास्तर उभे राहिले. हातात भिजून वाळलेली फाइल.

"शाळेचं छप्पर गळतंय," मास्तर म्हणाले. "पावसात पोरं वर्गात छत्र्या उघडून बसतात."

ग्रामसेवकानं नवं पान उलटलं. हात वर यायला लागले.

नेमके तेव्हा हवालदारकाका तापातून उठून, कांबळं पांघरून, काठी टेकत पटांगणात आले. त्यांनी चिवड्या बघितला, सुखरूप. हौसा बघितली, हसत रडत होती. मग मुसकी बांधलेल्या आबासाहेबांचे हात धरून उभ्या असलेल्या शिदबाकडे नजर गेली आणि काकांचं कांबळं खांद्यावरून घसरलं.

"शिदबा! अरे मेल्या, हे काय केलंस? सोड! आधी सोड ती मुसकी!"

सगळं गाव एका आवाजात ओरडलं, "नको! थांब! शिदबा, थांब रं!" मास्तर फाइल टाकून धावले. तातोबाला आवाज नव्हता, त्यानं शिदबाचा सदराच धरला. हौसासुद्धा ओरडली, "अवं, एवढं छप्पर होऊ द्या, मग सोडा!"

पण शिदबानं मान हलवली. "काकांनी सोड म्हणून सांगितलंय," तो म्हणाला आणि गाठ सोडली.

आबासाहेबांनी गूळ थुंकला आणि पहिला शब्द काढला तो हा, "सभा तहकूब!"

चिवड्या आजही हौसाजवळ आहे. म्हातारा झालाय, छत्रीखाली झोपतो. वळणावर दिवा लागतो. शाळेचं छप्पर मात्र अजून गळतंय. त्या गावात कुणालाही विचारा, शिदबाचा सगळ्यात मोठा गाढवपणा कोणता? सासूचं कुणी काढत नाही, बुवांच्या बोंबलाचं काढत नाही, नवरदेवाच्या घोंगड्याचंही नाही. लोक कपाळाला हात लावून म्हणतात, येड्यानं उभ्या जन्मात एकदाच सांगितलेलं बरोबर ऐकलं, आणि ते ऐकायला त्याला नेमकी तीच वेळ सापडली.